बिननावाचा डोह

बेलबर्ड नदीवर बास मासा धरणाऱ्या माणसाला 'उद्या कुठं चाललास' असं विचारलं तर तो खोटं सांगतो. यात वाईट काही नाही. विचारणाराही ते धरूनच चालतो, आणि चुकून खरं उत्तर मिळालं तर उलट तोच अवघडतो. समोरच्यानं भर चौकात विजार उतरवली तर आपण इकडेतिकडे बघू लागतो ना, तसं.

त्यामुळं शनिवारी दुपारी आयव्हर प्लमरच्या दुकानात ग्लेनिस हॉब्डन गुडघा चोळत म्हणाली, "उद्या काही मी पाण्यात उतरत नाही, गुडघा फारच बोलायला लागलाय," तेव्हा लेटन टकवेलला एवढंच कळलं की ती उद्या पाण्यात उतरणार. प्रश्न होता कुठं.

"आणि तू रे?" तिनं विचारलं.

"मी पुलाखाली," लेटन म्हणाला.

"छान. पुलाखाली छान असतं," ग्लेनिस म्हणाली. आजारी पोराला औषध गोड आहे म्हणून सांगतात, तसल्या आवाजात.

लेटन गळांच्या पाकिटांपुढं उभा राहून हिशेब करू लागला. मी पुलाखाली जाणार नाही हे तिला कळलंय. मी बिननावाच्या डोहाच्या मागं लागलोय हे मासे धरणाऱ्यांच्या अख्ख्या क्लबला माहीत आहे, म्हणजे तिलाही. म्हणजे मी तिथं जाणार हे तिनं ओळखलं. म्हणजे ती तिथं येणार नाही, कारण एका डोहात दोघांनी जाणं म्हणजे एका ताटात दोघांनी जेवणं. पण मी असा विचार करणार हेही तिला कळत असेल, तर मग ती मुद्दाम येईल. पण ती मुद्दाम येईल हे मला कळलंय असं तिला कळलं, तर ती येणार नाही. इथपर्यंत आल्यावर त्याचं डोकं गरगरलं आणि त्यानं नको असलेलं गळांचं एक पाकीट विकत घेतलं.

ग्लेनिस अडुसष्ट-एकोणसत्तरची असेल. आयुष्यभर तिनं शाळेची बस चालवली. लेटन त्या बसमध्ये बारा वर्षं बसला आणि दोनदा ओकला. आता तो टायरच्या दुकानात कामाला होता, सत्तावीस वर्षांचा होता, दाढी होती. पण सगळा क्लब तिला 'ग्लेनिस' म्हणत असताना त्याच्या तोंडून मात्र अजून 'मिसेस हॉब्डन'च बाहेर पडायचं, आणि तिच्यासमोर तो नकळत सीटचा पट्टा चाचपायचा.

बिननावाच्या डोहाचं प्रकरण असं होतं. बेलबर्डवर डोहाला नाव मिळतं ते एकाच रीतीनं. कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीत, बसून त्या डोहात पन्नास सेंटिमीटरचा बास पहिल्यांदा जो धरील, डोह त्याचा. म्हणजे सातबारा त्याच्या नावावर होत नाही. मासा सोडून द्यायचा, पाणी सरकारचं, काठावरची गुरं ज्याची त्याची. फक्त नाव त्याचं. सरकारी नकाशात ही नावं नाहीत, पण सरकारी नकाशा बघतात तो वाट चुकलेली माणसंच बघतात. वरच्या बंधाऱ्यापासून खाली भरतीचं पाणी लागतं तिथपर्यंत सगळे डोह असे वाटले गेले होते. त्यातले तीन ग्लेनिसचे. एक लेटनच्या आजोबांचा, एक त्याच्या बापाचा. आणि एक त्याच्या धाकट्या बहिणीचा, जेमाचा. तिनं तो अकराव्या वर्षी मिळवला होता, गळाची काठी गुडघ्यांत धरून, कारण दोन्ही हातांत सँडविच होतं.

टकवेलांच्या घरी जेवताना मीठ सरकवलं तरी डोह निघायचा. "काल माझ्या डोहावर गेले होते," जेमा म्हणायची. "माझ्यात पाणी गढूळ आहे," बाप म्हणायचा. आजोबा वारून सहा वर्षं झाली होती, पण त्यांचाही डोह बोलण्यात असायचा आणि त्यात पाणी बरं असायचं. मग सगळे क्षणभर लेटनकडं बघायचे आणि कुणीतरी त्याला बटाटे वाढायचं.

वाटायचा राहिला होता तो हा एक. बेटामागं लपलेला, बेताचाच डोह, मधोमध पुरात आडवा पडलेला सुरूचा प्रचंड ओंडका. ओंडक्यावर मागल्या पुराचा सगळा कचरा अडकलेला: फांद्या, वेली, कुंपणाची तार, एक प्लॅस्टिकची खुर्ची. या काठचं त्या काठाला दिसत नव्हतं. मासा होता तो त्या ओंडक्याखालच्या काळोखात, आणि तिथं नेमका गळ टाकणं म्हणजे चालत्या गाडीतून टपालपेटीत पत्र टाकणं. लेटननं दोन उन्हाळे तिथं घालवले होते. ओंडक्यात त्याचे इतके नकली किडे अडकले होते की नाताळच्या झाडाला लाज वाटावी.

रविवारी पहाटे तो वरच्या अंगानं डोहात शिरला. धुकं विरत होतं, ऊन चढायच्या आधीच झाडांवरच्या सिकाडा किड्यांनी अशी किर्रकिर्र लावली होती की स्वतःचं वल्हंही ऐकू येत नव्हतं. डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, हे किडे पाण्यात पडतात आणि बास त्यांच्यासाठी वेडे होतात, म्हणून लेटननं दोरीला काळा नकली सिकाडा बांधला होता. ओंडक्यावर ऊन खात बसलेल्या पाणसरड्यांनी त्याला बघून एकामागून एक पाण्यात उड्या घेतल्या. धप्प. धप्प. प्रत्येक धप्पला त्याचं काळीज उडालं, कारण बास किडा गिळतो तोही आवाज हाच. पाणसरड्यांना हे माहीत असावं.

त्यानं काठी मागं नेली, किडा भिरकावला. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या दोन पायांमधून गेला आणि ओंडक्याखालच्या काळोखात अलगद बसला. लेटननं तिथं टाकायचं ठरवलं नव्हतं. पण जगात कुणी विचारलं असतं तर त्यानं ठरवलं होतं असंच सांगितलं असतं.

धप्प.

पाणसरडा, असं त्याला वाटलं. मग काठीची कमान झाली.

मासा मोठा होता, एवढं लगेच कळलं. त्याचं बाकीचं काही कळेना. मोठा बास लागला की सरळ लाकडात घुसतो आणि दोरी तोडतो. सगळा खेळ पहिल्या चार श्वासांचा. पण हा एकदा इकडं ओढायचा, मग अचानक कुणी तरी मागून शेपूट धरल्यासारखा थांबायचा, मग दोरीला असा झटका बसायचा की जणू माशालाच मासा लागलाय. लेटननं आयुष्यात इतका गोंधळलेला मासा पाहिला नव्हता. त्याला माशाबद्दल आपुलकी वाटू लागली.

तेवढ्यात मासा म्हणाला, "ये रे माझ्या सोन्या, ये."

बास बोलत नाहीत हे लेटनला ठाऊक होतं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तो म्हणाला, "कोण?"

पाणी गप्प झालं. मग ओंडक्यापलीकडून आवाज आला, "तू कोण?"

"मी लेटन."



"तू पुलाखाली आहेस," ओंडका म्हणाला.

"तुमचा गुडघा," लेटन म्हणाला.

"गुडघा बसलेलाच आहे की. कयाकमध्ये काय उभी राहते होय मी? आता माझं ऐक, मला इथं मोठा मासा लागलाय, जरा तुझी कटकट बाजूला ने."

"मलाही लागलाय."

"कुठं?"

"ओंडक्याखाली."

"ओंडक्याखाली माझा आहे."

दोघांनी एकदमच काठ्या ओढून बघितल्या. लेटननं ओढलं तेव्हा पलीकडून "ए" असं ऐकू आलं. पलीकडून ओढलं तेव्हा लेटनची कयाक हातभर पुढं गेली. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. डोहात मासा एक होता, माणसं दोन होती, आणि दोघंही दुसरा येणार नाही असं धरून आली होती.

"तोड तुझी दोरी," ग्लेनिस म्हणाली.

"तुम्ही तोडा."

"माझा आधी लागला."

"कशावरून?"

"धप्प झालं ना."

"ते मलाही ऐकू आलं. एकच धप्प झालं, मिसेस हॉब्डन."

"मग ते माझंच होतं."

याच्यावर काही बोलावं तोवर माशानं आपला निर्णय घेतला आणि तो ग्लेनिसच्या बाजूनं खालच्या अंगाला सुटला. आता लेटनची दोरी ओंडक्याखालून गेलेली, आणि दोरीमागं जायचं तर त्यालाही ओंडक्याखालूनच जाणं भाग होतं. ओंडका आणि पाणी यांत जेमतेम हातभर जागा होती. तो कयाकमध्ये मढ्यासारखा आडवा झाला, काठी पोटावर घेतली, आणि कोळ्यांची जाळी, तार आणि स्वतःचेच गमावलेले तीन किडे तोंडावरून फिरवून घेत पलीकडं निघाला. बाहेर आला तो थेट ग्लेनिसच्या कयाकवर. त्याच्या काठीचं टोक तिच्या कानाला लागलं आणि तिचा चष्मा उडून पाण्यात गेला.

"माझा चष्मा होता तो," ग्लेनिस म्हणाली. ओरडली नाही. बसमध्येही ती ओरडायची नाही, फक्त आरशातून बघायची.

"सॉरी, मिसेस हॉब्डन."

"बसमध्ये असाच होतास. मागच्या सीटवर बसायचास आणि पुढच्या सीटवर ओकायचास."

तोवर दोन्ही कयाका डोहाबाहेर पडून खळाळाला लागल्या होत्या. खळाळ लहानच होता, पण दोघांचेही दोन्ही हात काठ्यांना गुंतलेले, वल्हं मारायला हात कुणाचे आणायचे? दोन्ही कयाका एकमेकींना घासत, उलट्या तोंडानं, धोंड्यांवर ठेचकाळत खाली निघाल्या. पुढं मासा, मागं हे दोघं, वरातीसारखे.

"डावीकडं धोंडा आहे," लेटन म्हणाला.

"मला धोंडा दिसत नाही, मला तूही दिसत नाहीस. पिवळं काहीतरी दिसतंय."

"ती माझी कयाक."

"बरी दिसते."

खळाळ संपला आणि ते एका रुंद, शांत डोहात येऊन थांबले. हा ग्लेनिसचाच दुसऱ्या नंबरचा डोह.  मासा तिच्या डोहात काढला तर बिननावाच्या डोहाला नाव कसं मिळणार? लेटननं तसं बोलून दाखवलं.

"जिथं लागला तिथला धरतात," ग्लेनिस म्हणाली. "काढला कुठं ते कोण विचारतंय. उद्या मासा समुद्रापर्यंत घेऊन गेला तर समुद्राला काय तुझं नाव द्यायचं?"

हे ऐकून लेटनला बरं वाटलं, आणि मग आपल्याला बरं का वाटतंय हे कळेना, कारण मासा कुणाचा ते अजून ठरलं नव्हतं.

मासा दमला होता. ग्लेनिसनं चाचपत हातजाळी पाण्याखाली धरली, लेटननं "अजून डावीकडं, अजून, आता उचला" असं करत तिला वाट दाखवली, आणि मासा जाळीत आला. काशाच्या भांड्यासारखा, काळसर पाठीचा, जाडजूड.  मग जाळी लेटनच्या मांडीवर आली, कारण डोळे त्याच्याकडं होते.

गळ सोडवणं त्याच्याकडंच आलं. दोन्ही किड्यांना तीन-तीन आकड्यांचे गळ, सगळे जाळीत गुंतलेले. पण कुठला कुठं लागलाय ते त्याला पहिल्या नजरेत दिसलं. ग्लेनिसचा किडा ती स्वतः बुचापासून कोरायची, हिरवा, एक पंख माशांनी चावून बारीक केलेला. तो माशाच्या तोंडात होता, जबड्याच्या कोपऱ्यात, आतून. लेटनचा काळा किडा बाहेर होता, हनुवटीखाली. म्हणजे माशानं हिरवा खाल्ला होता. काळा त्याला येताजाता ओरबाडून गेला होता, गर्दीत कुणाच्या शर्टाला छत्री अडकावी तसा.

"तोंडात काय आहे?" ग्लेनिसनं विचारलं.

"दोन्ही," लेटन म्हणाला.

हे त्याच्या तोंडून कसं निघालं त्याचं त्यालाच कळलं नाही. 'पुलाखाली'सारखं निघालं.

"हं," ती म्हणाली.

त्यानं मासा मापाच्या पट्टीवर ठेवला, नाक टोकाला टेकवलं. पट्टीवर पन्नासाच्या जागी उंचवटा असतो. ग्लेनिसनं बोट लावून तो शोधला आणि बोट तिथंच ठेवलं. शेपटीची खाच तिच्या बोटाच्या पुढं गेली होती, जाड बोट असूनही.

"पन्नासच्या वर आहे," ती हळूच म्हणाली. "चल, फोटो काढ लवकर, क्लबला पुरावा लागतो."

लेटनचा फोन पाठीमागच्या झाकणाखाली होता, कोरड्या पिशवीत, पिशवीला तीन वेढे. ग्लेनिसचा फोन गाडीत होता. त्यानं एका हातानं मासा दाबून धरला आणि दुसरा हात पाठीमागं नेला. झाकण सापडलं. पिशवी सापडली. एक वेढा सुटला. माशाचे कल्ले उघडे पडून थरथरत होते.

"किती वेळ झाला त्याला बाहेर?" ग्लेनिसनं विचारलं.

"एक मिनिट थांबा."

दुसरा वेढा सुटला. माशानं तोंड वासलं आणि ते तसंच राहिलं.

"लेटन, त्याला पाण्यात घाल."

"एकच वेढा राहिलाय."

 तिला दिसत नव्हतं, तरी ती बरोबर त्याच्याकडं बघत होती, आणि समोर आरसाही नव्हता. लेटननं पिशवी सोडली, दोन्ही हातांनी मासा उचलला आणि पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडं करून. बराच वेळ काही झालं नाही. त्या वेळात त्याच्या मनात डोहही आला नाही आणि नावही आलं नाही, फक्त तळव्यात मावत नसलेलं ते थंड ओझं होतं, आणि ते हलावं एवढीच इच्छा होती. मग ते हललं. शेपटीचा एक तडाखा त्याच्या मनगटावर बसला आणि हात रिकामे झाले.

"गेला?"

"गेला."

"फोटो?"

"नाही."

ग्लेनिसनं वल्हं उचललं, परत खाली ठेवलं. "आता जुना नियम," ती म्हणाली. फोन नव्हते तेव्हाचा नियम होता तो: फोटो नसेल तर धरणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी क्लबसमोर उभं राहून सांगायचं, मी पाहिलं. "म्हणजे बघ. तू तुझ्यासाठी बोलू शकत नाहीस, मी माझ्यासाठी बोलू शकत नाही."

"म्हणजे मी बोललो तर तुमचा, तुम्ही बोललात तर माझा."

"आणि कुणीच बोललं नाही तर कुणाचाच नाही."

दोघंही वल्हवू लागले. लेटन पुढं, कारण तिला पिवळं दिसत होतं.

त्याच दुपारी क्लबची वर्षअखेरची सभा होती, गवतावर चेंडू घरंगळवायच्या बोलिंगच्या हिरवळीमागं, म्हणजे आयव्हर प्लमर चिमट्यानं सॉसेज उलटत होता आणि बाकीचे पावात कांदा घालून उभे होते. लेटननं दाढी धुतली होती. सभेत काय होणार याचा हिशेब त्यानं येताना गाडीत करून बघितला होता. ती गप्प बसेल. मग आपणही गप्प बसावं. पण ती गप्प बसणार असेल तर मग आपण बोलावं का, म्हणजे ती ओशाळून बोलेल? तो निम्म्या वाटेवर भलत्याच रस्त्याला लागला आणि परत फिरला.

आयव्हरनं चिमटा टाळीसारखा दोनदा वाजवला. "कुणाला काही सांगायचंय?"

ग्लेनिस उठली. जुना चष्मा लावला होता, त्याला एकच काडी होती.

"लेटननं पन्नासच्या वरचा काढला," ती म्हणाली. "बिननावाच्या डोहात. फोटो नाही. मी होते. बोट लावून बघितलं."

 त्या क्लबमध्ये माशांबद्दल खोटं बोलायची परंपरा जुनी होती, पण आजवरचं एकूणएक खोटं बोलणाऱ्याच्या स्वतःच्या फायद्याचं होतं. दुसऱ्याला मासा देऊन टाकणारं माणूस तिथं कुणी पाहिलंच नव्हतं.

"ग्लेनिस, टोपी घातली होतीस ना?" आयव्हरनं विचारलं. "ऊन फार होतं आज."

"घातली होती."

जेमाला ठसका लागला. कुणीतरी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. बापानं हातातला पाव खाली ठेवला आणि लेटनकडं असं बघितलं, जसं तो डोहाकडं बघायचा.

"मग झालं तर," आयव्हर म्हणाला. "टकवेलांचा चौथा. लेटन, बोलणार का दोन शब्द? नाही बोललास तरी चालेल."

नाही बोलला तरी चालणार होतं, हेच तर. लेटनच्या हातात सॉसेज होतं, कांदा घसरून मनगटावर आला होता, तिथंच, शेपटीचा तडाखा बसला होता त्या जागी. सगळं मिळालं होतं. आता उद्यापासून जेवताना 'माझ्या डोहात' म्हणायचं. आणि त्याच्या लक्षात आलं की ते म्हणताना दर वेळी त्याला तो हिरवा किडा दिसणार, आणि त्या पाण्यात एक जिवंत प्राणी असा आहे की ज्याला आपण काय खाल्लं ते पक्कं ठाऊक आहे.

"मासा मिसेस हॉब्डनचा होता," तो म्हणाला.

"खाली बस," ग्लेनिस म्हणाली.

"त्यांचा किडा तोंडात होता. माझा बाहेर होता, हनुवटीखाली."

"तू दोन्ही म्हणालास."

"दोन्ही होतेच. एक आत, एक बाहेर."

"मला तीन आहेत. मी चौथा घेऊन काय लोणचं घालू?"

"पण होता तुमचाच."

"मी तुझ्यासाठी उभी राहिले, आणि तू माझ्यासाठी उभा राहतोस? लाज नाही वाटत?"

आयव्हरनं चिमटा खाली ठेवला. सॉसेज जळू लागली, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. "थांबा, थांबा," तो म्हणाला. "नियम असा की साक्षीदाराचा शब्द अखेरचा. ग्लेनिस साक्षीदार, तिचा शब्द अखेरचा, मासा लेटनचा. लेटन साक्षीदार, त्याचा शब्द अखेरचा, मासा ग्लेनिसचा. पण मासा लेटनचा असेल तर लेटन साक्षीदार नाही. आणि मासा ग्लेनिसचा असेल तर ग्लेनिस साक्षीदार नाही. म्हणजे मग..." त्यानं हवेत बोटानं काहीतरी काढलं, पुसलं, आणि परत काढलं.

"मासा नव्हताच," मागून कुणीतरी म्हणालं. "दोघांनी मिळून काहीतरी लपवलंय. दुसरीकडं कुठं तरी चांगली जागा सापडलीय यांना."

हे सगळ्यांना एकदम पटलं. दोन माणसं एकमेकांना मासे वाटताहेत यापेक्षा दोन माणसं काहीतरी लपवताहेत, हे फार समजण्यासारखं होतं. सभेत सुटकेची कुजबुज झाली.

"माझं बोट आहे," ग्लेनिस म्हणाली आणि बोट पुढं केलं.

आयव्हरनं ते बोट घेतलं, वाकून हुंगलं. मग आणखी एकदा हुंगलं. "मासा होता," तो गंभीरपणे म्हणाला.

मग मतं घेतली. निम्मे इकडं, निम्मे तिकडं. जेमानं भावाच्या विरुद्ध मत दिलं आणि विचारलं तर म्हणाली, "तो खरं बोलतोय हो. खोटं बोलताना असा दिसत नाही, जरा हुशार दिसतो." बापानं कुणालाच मत दिलं नाही, तो लेटनच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याच्या पावात थोडा कांदा घातला.

"नाव नाकारता येतं का?" ग्लेनिसनं विचारलं.

"नियमात नाही तसं," आयव्हर म्हणाला. "आजवर कुणी नाकारलंच नाही."

शेवटी संध्याकाळ व्हायच्या आधी, भूक लागली म्हणून, निकाल लागला. दोन्ही साक्षी खऱ्या धरल्या. दोन्ही नावं द्यायची, पण नुसती जोडून नाही, कारण मग दोघांनी मिळून धरला असं दिसेल, आणि तसं तर कुणीच म्हणालं नव्हतं. जे म्हणाले तेच लिहायचं. क्लबच्या भिंतीवर रंगवलेली नदी आहे, तिच्यावर आयव्हर स्वतः कुंचला घेऊन चढला आणि लिहू लागला: ग्लेनिस हॉब्डनच्या मते लेटन टकवेलचा आणि लेटन टकवेलच्या मते ग्लेनिस हॉब्डनचा डोह. बिननावाचा डोह भिंतीवर अंगठ्याएवढा होता. नाव बेट ओलांडून पुढं गेलं, खळाळावरून उतरलं, ग्लेनिसचा दुसरा डोह झाकून टाकला, आणि 'हॉब्डनचा' संपेपर्यंत जेमाच्या डोहावर बसलं.

"माझं नाव कुठं गेलं?" जेमानं विचारलं.

"खाली आहे," आयव्हर शिडीवरून म्हणाला. "रंगाखाली. कुठं जात नाही."

ती आठवडाभर लेटनशी बोलली नाही. जेवताना डोहांचा विषय निघाला की आता सगळे थोडे अडखळायचे, कारण त्याच्या डोहाचं नाव घेईपर्यंत रस्सा गार व्हायचा. कुणी विचारलं 'काल कुठं होतास' तर 'माझ्या डोहात' असं म्हणायला त्याचं तोंड उघडायचं आणि मग त्याला प्रश्न पडायचा: कुणाच्या मते? म्हणून तो 'पुलाखाली' म्हणायचा.

जानेवारीत एकदा तो तिथं बसला होता, ओंडक्याच्या वरच्या अंगाला, गळ न टाकता. बेटाच्या बाजूनं एक अनोळखी माणूस नवी कोरी कयाक घेऊन आला, कयाकला दुकानाचं लेबल अजून लटकत होतं. प्रवाह त्याला बाहेरच्या अंगानं ओढून नेत होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"छान जागा आहे," तो म्हणाला. "ह्या डोहाला काही नाव आहे का?"

"आहे," लेटन म्हणाला. आजवर त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. इथल्या माणसांना नाव माहीत असतं. त्यानं घसा साफ केला. "ग्लेनिस हॉब्डनच्या मते लेटन टकवेलचा."

"लेटन टकवेल," तो माणूस म्हणाला आणि मान हलवली, जणू ते नाव त्यानं नीट जपून ठेवलं. "कोण होता हा?"

लेटनला वाटलं, इथंच थांबावं. वाक्य इथं चांगलं थांबतं. माणूस खळाळाच्या तोंडाशी पोचला होता, कयाक फिरू लागली होती, दोन वळणांपुढं तो गावात जाईल आणि कुणाला तरी सांगेल की वर लेटन टकवेलचा डोह आहे. लेटननं वल्हं हातात घेतलं. मग खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि सगळा दम लावून बाकीचं हाक मारून सांगितलं.

माणूस उलट्या तोंडानं खळाळ उतरत होता. त्यानं एक हात कानामागं धरला.

"कुणाचा?" त्यानं विचारलं.